कोपरापासून खाली

वॉर्डात शिरताना मावशी दोन्ही हात कोपरापासून पुढे करायची. आधी तळवे वर, मग तळवे खाली, आणि म्हणायची, "घ्या तपासून." समोर तपासणारं कोणी असो वा नसो. सकाळचे सात, बाहेर इंग्लंडातल्या लेस्टरचा अंधार, आत किटली नुकती लावलेली, आणि ही बाई रिकाम्या कॉरिडॉरला हात दाखवतेय, हे दृश्य मी सात वर्षं पाहिलं.

इथल्या हॉस्पिटलांत नियम आहे. पेशंटला हात लावणाऱ्याचे हात कोपरापासून खाली उघडे हवेत. बाही नको, घड्याळ नको, बांगडी नको. मावशीच्या हातांत यातलं काही नव्हतं, पण गोंदण होतं. उजव्या हातावर मनगटापासून वर चढलेलं तुळशीवृंदावन, डाव्यावर विंचू, चंद्र-सूर्य आणि धाकट्या बहिणीचं नाव. हिरवट निळं, वयाबरोबर कडा जरा पसरलेलं. एकदा क्लिपबोर्ड घेऊन तपासणीला आलेल्या एका तरुण साहेबानं विचारलं, "एनी ज्वेलरी?" मावशीनं हात पुढे केले. "येस, धिस. तुला निघतंय का बघ." शेवटचं मराठीत, हसत हसत. त्यानं कागदावर काय लिहिलं देव जाणे.

माझी आणि तिची पहिली भेट माझ्या बावळटपणामुळे लक्षात राहिली. मी नाशिकहून फिजिओथेरपिस्ट म्हणून आलेले, वॉर्डात पहिलाच आठवडा. ती मराठी आहे हे कोणीतरी सांगितलं होतं, आणि मी तिकडच्या सवयीनं हाक मारली, "मावशी, या पेशंटला जरा धरता का?"

तिनं पेशंटला व्यवस्थित धरलं, उभं केलं, खुर्चीत बसवलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "कुठली गं तू?"

"नाशिक."

"नाशिकच्या दवाखान्यात मावशी कोणाला म्हणतात ते ठाऊक आहे मला. नात्यानं म्हणणार असशील तर म्हण. हुद्द्यानं नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिकडे बेडपॅन उचलणाऱ्या बाईला आपण मावशी म्हणतो आणि तिचं नाव कधी विचारत नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. मी माफी मागितली आणि "अहो ताई" सुरू केलं. तर म्हणाली, "ताई कशाला? मावशीच म्हण की. पण मग अहो-जाहो बंद. सख्ख्या मावशीला कोण अहो म्हणतं?" जिभेला ते 'तू' वळायला मला महिना लागला.

तिचा हुद्दा हेल्थकेअर असिस्टंट. आमचा वॉर्ड हाडांचा, म्हणजे खुब्याचं हाड मोडून आलेले म्हातारे-म्हाताऱ्या. त्यांना कुशीवर वळवायचं, उठवायचं आणि मुख्य म्हणजे आंघोळ घालायची. हे काम वॉर्डात सगळेच करायचे, पण मावशीसारखं कोणाला जमायचं नाही. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायची. जेवढं धुवायचं तेवढंच उघडं, बाकी टॉवेलखाली. नव्या पोरींना ओरडून सांगायची, "झाकून धुवायचं गं. गाडी धुतोय का आपण?" इंग्रजीत हेच ती फार गोड करून सांगायची, आणि लेस्टरचे लोक लाडानं एकमेकांना 'डक' म्हणतात, तसं प्रत्येकीला वर 'डक' लावायची. एक निवृत्त बसड्रायव्हर सगळ्या स्टाफवर खेकसायचा. मावशी दिसली की निमूट शर्टाची बटणं सोडायचा.

माणूस गेला तर त्याची शेवटची आंघोळही बहुतेक तीच घालायची. अंगठ्या, घड्याळ, कानातलं काढून नातेवाइकांसाठी पिशवीत घालायचं, चिठ्ठी लावायची. असंच एकदा करून आल्यावर चहा पिताना म्हणाली, "सगळं पिशवीत जातं बघ. हे तेवढं माझ्याबरोबर येणार. आजी सांगायची, वर नेता येतो असा बाईला एवढाच दागिना." आणि तुळशीवरून अंगठा फिरवला.

पण या दागिन्याची तिला लाजही वाटलेली होती, आणि ती तिनं माझ्यापासून लपवली नाही. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन ती साताऱ्याकडच्या खेड्यातून थेट लेस्टरला आली. नवरा होजिअरीच्या कारखान्यात, तीही तिथेच मोजे पॅक करायला लागली. पहिल्याच आठवड्यात सुपरवायझरनं तिचे हात बघून सगळ्यांसमोर विचारलं, काय गं, बोटीवर खलाशी होतीस का? तेव्हा इकडे असे हात खलाशांचेच असायचे. पूर्ण टेबल हसलं. दुसऱ्या दिवशी तिनं लांब बाह्यांचं कार्डिगन घातलं, ते अकरा वर्षं घातलं. जुलैच्या उन्हातही. पुढे मुलगी शाळेत जाऊ लागली, तीही म्हणायची, "मम्मी, पेरेंट्स इव्हिनिंगला ते लाँग स्लीव्हवाला घाल ना. तुझा हात बघून माझे फ्रेंड्स विचारते."

मग हॉस्पिटलची नोकरी लागली. पहिल्या दिवशी सिस्टर म्हणाली, बाह्या वर. "पाच मिनिटं उभी होते सिंकपाशी," मावशी सांगत होती. "मनात आलं, घरी जावं. पण केल्या वर. पहिलीच पेशंट नव्वदीची म्हातारी. तिनं हात धरला माझा आणि विचारलं, हे झाड कुठलं गं? अकरा वर्षांत कोणी मला असं विचारलं नव्हतं." त्या संध्याकाळी घरी जाऊन तिनं कार्डिगन चॅरिटी शॉपच्या पिशवीत कोंबलं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून पुढे जे घडलं त्यात माझी चूक अधिकच मोठी.

तीस वर्षं माणसं वळवून वळवून मावशीचा उजवा खांदा कामातून गेला होता. मी व्यायाम लिहून द्यायची, ती घडी घालून खिशात ठेवायची. "तुझे व्यायाम करायला वेळ असता तर खांदा दुखला असता का?" रिटायर व्हायला तीन महिने उरले असताना स्टाफरूममध्ये कोणीतरी फोनवर व्हिडिओ लावला. डोंगरात गरम पाण्याचं कुंड, वाफ, आणि डोक्यावर टॉवेलची घडी ठेवून गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या चार म्हाताऱ्या. मावशीनं तो तीनदा बघितला. "मला इथं बसायचंय. एकदाच. असं गळ्यापर्यंत."

"मावशी, ते जपान आहे."

"असू दे की. पाणीच आहे ना?"

नवरा यायला तयार नव्हता. त्यांच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावर, मेथी पेरलेली, आणि त्या मेथीला सोडून ते बर्मिंगहॅमलाही मुक्कामाला जात नाहीत. मग मीच निघाले. जमेल तितक्या स्वस्तात जायचं ठरलं. विमान असं की मध्ये अर्धा दिवस एका विमानतळाच्या खुर्च्यांवर काढायचा. शहरांत झोपायला होस्टेलचे बंक, त्यात खालचा तिला, वरचा मला. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडमागच्या तिच्या गुजराती शेजारणीनं चळतभर थेपले दिलेले, त्यावर आम्ही दिवस काढले. फक्त एक रात्र डोंगरातल्या जुन्या पद्धतीच्या सरायीत, कारण गरम पाणी तिथे होतं. जेवणाशिवाय नुसती खोली देणारी, परवडणारी अशी सराय शोधायला मला तीन आठवडे लागले.

बुकिंगच्या फॉर्मवर एक प्रश्न होता. टॅटू आहेत का? मी 'नाही'वर टिक केलं. खोटं बोलायचं म्हणून केलं नाही हो. मनात आलंच नाही. टॅटू म्हणजे आमच्या पोर्टरच्या मानेवरचा ड्रॅगन. गोंदण म्हणजे गोंदण. खरं सांगा, तुमच्या तरी मनात आलं असतं?

बसनं आम्हाला दुपारी एका वळणावर सोडलं. कडेला अजून थोडं बर्फ होतं. सरायीची मालकीण सत्तरीपुढची, एप्रन बांधलेली, दारातच वाकली. चपला दाराशी काढायच्या म्हटल्यावर मावशीनं मान डोलावली. खोलीत चटया, सरकती कागदी दारं, मधे बुटकं मेज, गाद्या घडी करून कपाटात. मावशी मांडी घालून बसली, चौफेर बघितलं आणि म्हणाली, "हे तर आमच्या गावचं घर झालं. जमिनीवर बसायचं, जमिनीवर झोपायचं. यासाठी एवढं उडत आलो होय?" पण आवाजात समाधान होतं. सरायीनं दिलेला सुती झगा तिनं प्रवासासाठी घेतलेल्या नव्या कार्डिगनवरच चढवला, थंडी होती म्हणून, आणि टॉवेल खांद्यावर टाकून निघालीसुद्धा.

बायकांच्या न्हाणीघराच्या दारावर एक चित्र होतं. त्यात एक हात, हातावर नक्षी, आणि वरून लाल फुली.

मी तिला हाताला धरून खोलीत परत आणलं. काय ते सांगितलं, की इथे टॅटू म्हणजे गुंडांच्या टोळ्यांची खूण, म्हणून टॅटूवाल्यांना पाण्यात घेत नाहीत. फॉर्मचंही सांगितलं. मग मला सुचलं. फिजिओथेरपिस्टच्या बॅगेत स्नायूंना लावायच्या कातडीच्या रंगाच्या पट्ट्या असतातच. मी रोल बाहेर काढला. "चार पट्ट्यांत काम होईल मावशी. कार्डिगन अंगात आहे, मालकिणीनं काही बघितलेलं नाही. कोणाला कळणार नाही."

तिनं रोल हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि मेजावर ठेवला. "अकरा वर्षं झाकलंय मी. आता नाही."

"मग पाण्यात बसता येणार नाही."

"नाही तर नाही."

खालून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, बायकांचं हसणं येत होतं. मावशी खिडकीशी बसून डाव्या हातानं उजवा खांदा दाबत होती. तिला ते पाणी किती हवं होतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? आणि मला तिचा रागच आला. "इतक्या लांब यायचं आणि हट्ट करून बसायचं," मी म्हणून गेले.

"हट्ट नाही गं. चोरून बसले तर ते पाणी माझ्या अंगाला लागायचं नाही." मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चल, तिला विचारू. वॉर्ड तिचा आहे."

मालकीण खाली काउंटरमागे चादरींच्या घड्या घालत होती. मावशी तिच्यासमोर उभी राहिली, कार्डिगन काढलं, झग्याच्या बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात कोपरापासून पुढे केले. आधी तळवे वर, मग तळवे खाली. "घ्या तपासून."

मी फोनमध्ये भराभर बोलत होते. चूक माझी आहे, आमच्याकडे लहान मुलींना हे काढतात, आम्ही याला टॅटू समजत नाही. फोन ते जपानीत सांगत होता. मालकिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात उत्तर दिलं. फोन म्हणाला, नियम इतर पाहुण्यांसाठी आहे, मला फार वाईट वाटतं. आणि ती वाकली.

मावशीही वाकली. मला म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर हेच सांगितलं असतं." बाह्या खाली करायला लागली.

तेवढ्यात मालकिणीनं बोट वर करून थांबायला सांगितलं आणि आत न्हाणीघरात गेली. बाहेर आली ती दोन म्हाताऱ्यांना घेऊन. लालबुंद चेहरे, ओले केस, घाईनं गुंडाळलेले झगे. दोघी बहिणी होत्या, थोरली ऐंशीची तरी असेल. त्या दिवशी सरायीत आमच्याशिवाय एवढ्याच पाहुण्या. नियम ज्यांच्यासाठी होता त्यांनाच मालकिणीनं विचारायला आणलं होतं.

दोघी बाकावर बसल्या. थोरलीनं मावशीचा हात मांडीवर घेतला, चष्मा नसल्यामुळे अगदी डोळ्यांजवळ नेला. या आता हसतील, असं माझ्या मनात आलं. मावशी मात्र वॉर्डात नवीन पोरींना समजावते त्या आवाजात सांगू लागली, आणि फोन मागोमाग जपानीत बोलू लागला.

"ही तुळस. दारातलं झाड. रोज सकाळी हिला पाणी घालायचं."

दोघींनी माना हलवल्या.

"हा विंचू. शेतात विंचू चावू नये म्हणून काढतात. मला चावला. दोनदा."

धाकटी खुदकन हसली.

"आणि ही बहीण. माझ्याहून लहान. आम्ही एकाच दिवशी जत्रेत बसलो. माझ्या हातावर तिचं नाव, तिच्या हातावर माझं."

थोरलीनं धाकटीकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. फोननं तेही पकडलं. तू माझं नाव असं लिहून घेशील का? धाकटीनं जोरात मान हलवली. दुखेल, फोन म्हणाला. यावर मालकीणसुद्धा तोंडावर हात ठेवून हसली. थोरली उठली. मावशीचा हात तिनं सोडलाच नव्हता. तसाच धरून न्हाणीघराकडे चालू लागली.

आता माझी फजिती ऐका. आत सगळ्यांनी सगळे कपडे काढायचे असतात, आणि माझ्यात ते धाडस नव्हतं. "मी इथंच बसते," मी म्हटलं. मावशीनं माझ्याकडे खालून वर बघितलं. "तू काय झाकतेयस? तुला तर विंचूपण नाही." शेवटी टॉवेल छातीशी घट्ट धरून मी आत गेले आणि दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर बसले.

पाण्यात उतरण्याआधी तिथे अंग घासून स्वच्छ करायचं असतं. प्रत्येकीला एक स्टूल, एक बादली. मावशीला हे फारच पटलं. शेजारच्या स्टुलावर थोरली आपल्या पाठीपर्यंत हात पोहोचवायचा प्रयत्न करत होती. तो पोहोचेना. मावशीनं तिच्या हातातलं फडकं घेतलं. विचारलं नाही, तीस वर्षांची सवय. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेतलं. मग मान, मग खांदे, मग खाली. म्हातारीनं डोळे मिटले.

झाल्यावर म्हातारीनं हवेत बोट गोल फिरवलं. मावशीला कळेना. तेव्हा म्हातारीनं तिला दोन्ही खांद्यांना धरून वळवलं आणि ती मावशीची पाठ घासायला लागली.

"अहो नको नको, तुम्ही कशाला," मावशी म्हणाली.

सात वर्षांत मी मावशीचे हात रिकामे पाहिले नव्हते. ते आता तिच्या गुडघ्यांवर नुसते पडले होते, तुळस वर करून. म्हातारीनं उजवा खांदा दोनदा घासला, जणू कोणी तिला सांगितलं होतं. मग बादलीतलं पाणी दोन्ही खांद्यांवरून ओतलं. ते तुळशीवरून, विंचवावरून, बहिणीच्या नावावरून खाली गेलं. मी रडत होते. दुःख कसलंच नव्हतं. ही बाई माझी मावशी आहे याचा मला इतका अभिमान वाटत होता की तो मावत नव्हता.

नंतर ती पाण्यात उतरली. गळ्यापर्यंत. डोक्यावर टॉवेलची घडी, व्हिडिओतल्यासारखी. दोन्ही बाजूंना दोन बहिणी. मग मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, "आईनंतर मला कोणी आंघोळ घातली नव्हती गं."

परत आल्यावर तिच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या हॉस्पिटलला हात कसे धुवावेत याचं नवं पोस्टर करायचं होतं. स्वच्छ हात कोणाचे, तर मावशीचे, असं सिस्टरनं एका क्षणात सांगितलं. फोटो काढायला आलेली मुलगी चांगली होती. फोटो काढून झाल्यावर म्हणाली, काळजी करू नका, हे मार्क्स मी कॉम्प्युटरवर काढून टाकीन.

"नो, डक," मावशी म्हणाली. "जपानमध्ये मी सगळे कपडे काढले, पण हे झाकलं नाही. हात माझे हवे असतील तर हे त्याच्यासकट." हे सगळं तिनं इंग्रजीत सांगितलं, शांतपणे. त्या मुलीला जपानचा काही संदर्भ लागला नाही, पण मार्क्स राहिले.

आता मावशी ब्रिस्टलला असते, मुलीकडे. मुलगी विमानाच्या इंजिनांच्या कंपनीत इंजिनिअर आहे, तिला बाळ झालंय. त्या बाळाला आंघोळ कोण घालतं हे मी सांगायला नको. मुलीनं आमच्या सिस्टरला ईमेल करून पोस्टरची एक प्रत मागवून घेतली आणि किचनच्या सिंकवर लावली आहे, असं मावशीनं मला फोनवर सांगितलं. सांगून झाल्यावर लगेच मेथीचा विषय काढला. मेथी आता ब्रिस्टलला कुंड्यांत आहे.

वॉर्डात सकाळी सातला कॉरिडॉर रिकामाच असतो. गेल्या महिन्यात नागपूरहून एक नवीन नर्स आली. पहिल्याच दिवशी सिंकपाशी उभी राहून पोस्टरकडे बघत होती. कोपरापासून खाली दोन हात, साबणाच्या फेसात, फेसाच्या वर तुळस.

"हे आपल्याकडचं गोंदण ना?" तिनं मला विचारलं. "कोणाचे हात आहेत?"

"माझ्या मावशीचे."

"सख्ख्या?"

"सख्ख्या," मी म्हटलं, आणि बाह्या वर करून पाणी सोडलं.